दगडावरची हळद

पौष लागला की माझ्या बोटांना ते आधी कळतं. पेरांजवळची कातडी ताणते, नखांच्या कडेला बारीक चिरा पडतात, आणि सकाळी नळाखाली हात धरला की त्या चिरांतून थंडी आत शिरते. गंगापूर रोडच्या आमच्या बाजूला आता शेतं फारशी उरली नाहीत, पण धरणाकडून येणारा वारा अजून शेतांच्याच वाटेने येतो. द्राक्षवाला माणूस भेटला तर तो आधी पारा किती उतरला ते सांगतो आणि मग नमस्कार करतो. बाजारात वाणाच्या वस्तू टांगलेल्या दिसायला लागतात. चहाच्या गाळण्या, छोटे डबे, आरसे, काचेच्या वाट्या. संक्रांत जवळ आल्याचं मला तिळापेक्षा त्या गाळण्यांच्या झुबक्यांवरून जास्त कळतं.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच थंडीत मी संगमरवर कोरायला शिकत होतो. ते दिवस तेव्हा साधेच वाटले होते. आता दर वर्षी गार पाण्यात हात घातला की तेच दिवस परत येतात, आणि येताना एकटे येत नाहीत.

पंचवटीच्या पुढे, दिंडोरी रोडकडे जाताना एका मूर्तीच्या दुकानामागे पत्र्याची शेड होती. दुकान सरिता मॅडमच्या वडिलांचं. त्यांचं कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून नाशिकला आलं आणि इथलंच झालं. मॅडम चाळिशीच्या. पंजाबी ड्रेसवर भावाचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, आणि तोंडात मराठी-हिंदीची मिसळ. रविवारी सकाळी त्या आम्हा नवशिक्यांना शिकवायच्या. मी एका सरकारी कचेरीत कारकुनी करत पन्नाशी ओलांडलेला माणूस. कुणी विचारलं की हे कशाला, तर मी म्हणायचो, डोकं शांत राहतं. खरं म्हणजे रविवारी घरात बसलं की मला आपण काहीतरी करायचं टाळतो आहोत असं वाटत राहायचं. काय टाळतो आहोत ते मात्र आठवायचं नाही. दगडापुढे बसलं की ते वाटणं थांबायचं.

पहिल्या दिवशी मॅडमनी दगडावर पाणी शिंपडलं, एक पांढरं फूल ठेवलं आणि हात जोडले. माझ्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले वाघकाका बसायचे. ते म्हणाले, "मॅडम, नारळबिरळ? हळदकुंकू?"

"नको काका. संगमरवर पितो."

"काय पितो?"

"सगळं. चहा, तेल, हळद, कुंकू. तुम्ही ठेवाल ते पितो आणि मग सोडत नाही. मूर्ती पूर्ण होईपर्यंत फक्त पाणी आणि फूल. घरी नेलात तर धुतलेल्या पांढऱ्या कापडात ठेवा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, काय?"

"आमच्याकडं तर उलटं," काका म्हणाले. "दगड राहतो कोरडा, माणसं पितात."

सगळे हसले, मीही हसलो. घरच्यांना सांगून ठेवायचं मात्र मी विसरलो.

सुरुवातीचे रविवार फरशीच्या तुकड्यांवर गेले. कुणाच्या तरी पाडलेल्या बंगल्यातल्या पायऱ्या होत्या त्या. टाकी कशी धरायची, हातोडी मनगटातून कशी सोडायची, हेच किती वेळ चाललं. टाकी तिरपी लागली पाहिजे. उभी धरून घाव घातला तर कपची निघत नाही, दगड आतल्या आत दुखावतो. वरून काही दिसत नाही. शेवटी पाणी घालून घोटायला बसलं की त्या जागी एक पांढरट ठिपका उमटतो, आणि कितीही घोटलं तरी तो जात नाही. मॅडम त्याला 'मार' म्हणायच्या. माझ्या तुकड्यावर सगळ्यात जास्त मार असायचा.

"साहेब," त्या माझ्या डोक्यावर उभ्या राहून म्हणायच्या, "ही तुमच्या ऑफिसातली फाइल नाहीये. बडवली म्हणून पुढे सरकणार नाही."

मला त्या सकाळींचा आवाज आठवतो. आम्ही सात-आठ जण वाळूच्या पोत्यांवर दगड टेकवून बसलेलो, सगळ्यांच्या हातोड्यांचा वेगवेगळा ठेका, मधूनच कुणाचा दगड घंटेसारखा वाजायचा आणि कुणाचा बद्द. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात पांढरी धूळ तरंगत राहायची. घरी जाताना माझ्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई दारात बघायची आणि म्हणायची, "नाना, आजच म्हातारा झाला का रं?" आई मला लहानपणापासून नाना म्हणते. माझ्या वडिलांनाही बाजारात सगळे नानाच म्हणायचे.

आईबद्दल सांगायला हवं. आमची जमीन गंगापूरच्या अलीकडे होती. वडील आणि आई तिच्यात शेवंती, झेंडू आणि थोडा गुलाब लावायचे. पहाटे तोडून फुलं पंचवटीच्या बाजारात न्यायची. जमीन तुकड्या-तुकड्याने गेली, आणि आता उरलेल्या तुकड्यावर आमचं घर आणि मागे आईच्या शेवंतीचा एक वाफा आहे. आईच्या हाताला एक सवय होती. घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागल्याशिवाय ती वापरायची नाही. विहिरीवरची मोटर, फवारणीचा पंप, माझी पहिली सायकल, फ्रिज, सगळ्यांना. फ्रिजच्या दारावरचं ते बोट कितीतरी दिवस तसंच होतं. वडील चेष्टा करायचे, "अगं, बर्फाला पण लाव." आई लावायची सुद्धा.

वडील गेले तेव्हा हे थांबलं. त्यानंतर घरात गाडी आली, वॉशिंग मशीन आलं, आणि त्यांना हळदकुंकू माझ्या बायकोने, संध्याने लावलं. आई बाजूला उभी राहून सांगायची, हळद आधी, मग कुंकू, आता अक्षता. सांगायची, पण करंड्याला हात लावायची नाही. आम्ही कुणी तसं बोललो नव्हतो. कुणी काही बोललं नव्हतं हेच खरं.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी मॅडमनी प्रत्येकाला एकेक चांगला दगड दिला. वीतभर लांबरुंद, चार बोटं जाड, मकराण्याचा, दुधासारखा. त्यावर आठ पाकळ्यांचं कमळ उठवायचं होतं. घरी नेऊन आठवडाभर नुसता बघा, म्हणाल्या, ओला करून बघा, कोरडा बघा, त्याची शीर कुठे जाते ते ओळखा. मी तो घरी आणला, हॉलमध्ये पाटावर ठेवला आणि सोमवारी कामावर गेलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा दगडाच्या बरोबर मधोमध हळदीचा चांगला रुपयाएवढा टिळा होता. पाण्यात कालवलेली ओली हळद. तिच्यावर कुंकू. वर आमच्याच वाफ्यातली पिवळी शेवंती.

मी चप्पल सुद्धा काढली नव्हती.

"हे कुणी केलं?"

आई आतून आली. तिचा चेहरा मला आता नीट आठवतो, तेव्हा मी तो पाहिला नव्हता. ती काहीतरी सांगायच्या बेतात होती.

"मी लावलं. नवा दगड आला ना घरात. कमळ व्हनार म्हनला व्हतास, म्हनून म्हटलं—"

"म्हणून काय? विचारायचं तरी. एवढा चांगला दगड नासवलास. हा डाग आता निघत नसतो. काही कळत नाही तर हात कशाला लावायचा माणसाने?"

हे मी तसंच लिहितो आहे. थोडं सौम्य करून लिहिण्याचा मोह झाला होता. हे शब्द माझे आहेत आणि ते मी सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला उद्देशून बोललो, हॉलमध्ये, दिवेलागणीच्या वेळी.

आई पाटापाशी आली. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली, फूल उचललं आणि पदराने हळद पुसायला लागली. त्याने ती आणखी पसरली. दगडभर पिवळा फराटा, आणि पदराचं टोकही पिवळं.

"राहू दे आता," मी म्हणालो. "आणखी घाण करू नकोस."

संध्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एका शाळेत शिकवते आणि माझ्याआधी घरी येते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. त्या रात्री जेवताना कुणी फार बोललं नाही. मला वाटलं, माझा राग बघून गप्प बसले असतील.

दोन दिवसांनी सकाळी अंघोळीनंतर टॉवेल वाळत घालायला मी गच्चीवर गेलो. आई तिथे होती. पाठीवर ऊन घेत बसली होती आणि तिच्यापुढे घडी घातलेल्या गोधडीवर माझा दगड होता. तो तिने जिना चढून वर कसा आणला कोण जाणे. शेजारी दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं, पदराचं टोक उन्हाकडे करून.

"हळद हाये," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "उन्हानं जाती. लुगड्याची जाती, तर दगडाची नाय जायची? कालच्यापरीस आज कमी झालीय, बघ."

मी वाकून पाहिलं. खरंच कमी झाली होती.

"कुंकवाचं काय सांगता येत नाय," ती म्हणाली.

आता मला वाटतं, त्या क्षणी मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी बसलो नाही. मी गच्चीच्या कठड्याची सावली बघितली आणि म्हणालो, "दुपारनंतर ऊन पलीकडे सरकतं. तेव्हा जागा बदल त्याची."

"बदलते," ती म्हणाली.

आणि ती बदलत राहिली. शनिवारपर्यंत रोज. सकाळी पूर्वेकडच्या कठड्याला, दुपारी पाण्याच्या टाकीजवळ. त्या आठवड्यात मी कामावरून आलो की आधी गच्चीवर जायचो, दगड बघायचो आणि खूश होऊन खाली यायचो. पिवळा रंग रोज थोडा थोडा विरत होता. शनिवारी मधोमध फक्त एक फिकट गुलाबी छटा उरली, बाळाच्या टाळूला असते तशी. मी संध्याला म्हणालोही, "बघ, आईला बरोबर उपाय माहीत होता." संध्या म्हणाली, "हो, माहीत होता." आणि तांदूळ निवडत राहिली.

रविवारी मॅडमनी दगड हातात घेतला आणि उन्हाकडे धरला. "हळद लावलेली कुणीतरी. कोणी?"

"आईने. मी सांगायला विसरलो होतो."

"कुंकू राहिलंय थोडं. ही बाजू वर ठेवायची का? आमच्याकडे काही लोक ठेवतात. घरातल्यांचा हात लागलेला असतो म्हणून."

"नको, नको," मी म्हणालो. "डाग आहे तो. ही बाजू काढून टाकू. पाकळ्यांच्या मधला खड्डा तिथेच येऊ दे."

"नक्की? एकदा काढलं की गेलं."

"नक्की."

वाघकाका म्हणाले, "बरं केलं ॲसिड लावलं नाही. मी तर लावा म्हणून सांगणार होतो तुम्हाला."

"काका, तुम्ही कुणालाच काही सांगू नका," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पेन्सिलने कमळ आखून दिलं. मी बसलो. त्या दिवशी माझा हात चांगला चालला. टाकी तिरपी लागत होती, कपच्या नीट निघत होत्या. गुलाबी भाग पहिल्या अर्ध्या तासातच गेला. त्याच्या कपच्या इतर कपच्यांसारख्याच होत्या, रंग ओळखू येत नव्हता. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "आज साहेबांचा हात लागला." मला फार बरं वाटलं. शेड झाडायची पाळी त्या दिवशी माझी होती. मी सगळा चुरा केरसुणीने गोळा केला आणि पोत्यात भरला.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्याकडे संध्याचं हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या बायका, तिच्या शाळेतल्या, शेजारच्या घरातली नवी सून. अशा वेळी मी वरच्या खोलीत असतो आणि आई तिच्या खोलीत. तिळाचे लाडू आईनेच वळलेले असतात. वाणाच्या वाट्या तिनेच पुसून, मोजून, परातीत मांडून दिलेल्या असतात. बायका यायला लागल्या की ती आत जाते आणि दार लोटून घेते. पूर्ण लावत नाही, लोटते. दर वर्षी असंच असतं. दर वर्षी कुणीतरी बाई विचारते, आई कुठे आहेत, आणि संध्या म्हणते, आतच आहेत, पडल्यात जरा. त्या वर्षी मी पाणी घ्यायला खाली आलो तेव्हा त्या फटीतून मला आई दिसली. पलंगावर ताठ बसली होती, हात मांडीवर, बाहेरच्या हसण्याकडे कान लावून. एकीने उखाणा घेतला तेव्हा तिच्याही ओठांवर थोडं हसू आलं.

सगळ्या गेल्यावर संध्या स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मी म्हणालो, "आज दगडाचं काम चांगलं झालं. तो डाग पण गेला."

तिने हातातली वाटी खाली ठेवली.

"गेला म्हणजे?"

"काढला. तासून काढला."

ती नळ बंद करून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला कळलंय का आईंनी काय केलं होतं ते?"

"हळद लावली होती."

"बाबा गेल्यापासून त्यांनी करंड्याला हात लावलेला नाही. देवाला कुंकू वाहायचं तरी मला हाक मारतात. मी शाळेत असले तर माझी वाट बघतात, देव तसेच राहतात दुपारपर्यंत. त्या सोमवारी मी घरी आले तर दारातच उभ्या. म्हणाल्या, संध्या, आज मीच लावलं गं. घरात कुणी नव्हतं, मनात आलं, लावलं. आणि तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. लाजल्यासारख्या. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आल्या आल्या सुरू झालात. त्यानंतर काय सांगायचं? आणि त्यांनीच मला खुणेनं नको म्हटलं."

मी स्टुलावर बसलो. आईच्या खोलीतून ती लाडवांचा डबा बंद करत असल्याचा आवाज आला.

वडिलांच्या दहाव्याला मी गोदावरीच्या काठी होतो. मी थोरला, म्हणून सगळे विधी माझ्या हातून झाले. तिकडे बायकांच्या घोळक्यात आई बसली होती. माझ्या एका चुलतीने तिच्या कपाळावर पाण्याचा हात फिरवला. बांगड्यांचा आवाज आला. मी पिंडाकडे बघत होतो, मग नदीकडे, पलीकडच्या पायऱ्यांवर कुणीतरी कपडे धूत होतं तिकडे. तेव्हा मी चाळिशीच्या आसपासचा होतो, शिकलेला, नोकरी करणारा. मी एक शब्द बोललो असतो तर कदाचित चुलती थांबली असती. कदाचित नसतीही थांबली. पण मी बोललो नाही, आणि नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो की त्या गर्दीत माझं कोण ऐकणार होतं. पण त्या सोमवारी हॉलमध्ये गर्दी नव्हती. आई, मी आणि दगड. तिने कुणाच्याही परवानगीशिवाय जे परत घेतलं होतं, ते मी तिच्याच पदराने तिला पुसायला लावलं. मग तिनेच ते रोज उन्हात नेऊन ठेवलं, आणि उन्हाला जे जमलं नाही ते मी छिन्नीने केलं.

पुढच्या रविवारी शेडमध्ये गेल्या गेल्या मी मॅडमना विचारलं, मागच्या वेळचा चुरा कुठे आहे.

"कुठला चुरा? रोज पोतंभर निघतो. तो गेला भरावाला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "काही पडलं का त्यात? अंगठी?"

मी म्हणालो, नाही, काही नाही.

कमळ पूर्ण झालं. रथसप्तमी होऊन गेली होती, थंडी ओसरायला लागली होती. घोटायचं काम सगळ्यात लांब चालतं. आधी खरखरीत दगडाने, मग बारीक पॉलिश पेपरने, सतत पाणी घालत. बोटं बधिर होतात आणि त्यांना चिरा पडतात त्या याच कामात. घोटता घोटता मधल्या खोलगट भागात मार दिसेल म्हणून मी वाट बघत होतो, जवळजवळ इच्छा करत होतो. एकही ठिपका निघाला नाही. तो भाग सगळ्यात स्वच्छ निघाला. मॅडमनी ते कमळ दुकानात काही दिवस मांडून ठेवलं. घरी आणलं तेव्हा आईने ते लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "झ्याक झालंय. हुबेहूब." तिने त्याला हात लावला नाही. ते आता टीव्हीशेजारी आहे आणि त्यावरची धूळ संध्या पुसते.

आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. आम्ही शाल आणून देतो, डॉक्टरकडे स्वतः घेऊन जातो, पानात गरम पोळी आधी वाढतो. मी हे सगळं केलं. आई शाल पांघरते, डॉक्टरकडे येते, पोळी खाते. तिच्या वागण्यात तिळाएवढाही फरक पडलेला नाही, आणि याचाच मला जास्त त्रास होतो. कुणी रागावून असलं तर निदान त्या रागापाशी जाऊन बसता येतं. आईने तो सोमवार जणू कुठे ठेवलाच नाही. फक्त तेव्हापासून देवाला कुंकू वाहायची वेळ झाली की ती पूर्वीसारखीच संध्याला हाक मारते, आणि माझ्या मनात येतं की त्या सोमवारनंतर ही हाक बंद होणार होती.

या वर्षी मॅडमचा निरोप आला, पुढचा वर्ग सुरू होतोय, येणार का. मी गेलो. त्यांनी दिलेला दगड या वेळी थोडा मोठा आहे, त्यावर मोर करायचा आहे. गेल्या रविवारी मी तो घरी आणला आणि हॉलमध्ये पाटावर ठेवला. रस्ताभर मी एक वाक्य घोकत होतो. आई मागे शेवंतीच्या वाफ्यात सुकलेली फुलं खुडत होती. मी तिला आत बोलावलं. करंडा मी आधीच देवघरातून काढून पाटाशेजारी ठेवला होता.

"आई, दगड आणलाय. हळदकुंकू लाव."

तिने दगडाकडे पाहिलं, करंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"संध्याला सांग."

"संध्याने नको. तू लाव."

"डाग पडंल."

"पडू दे. ठेवीन मी तो. त्या वेळी मी चुकलो, आई. मला कळलं नव्हतं."

वाक्य एकदाचं बाहेर पडलं. मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल. ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. आई पाटापाशी खाली बसली आणि दगडावरून तळवा फिरवला, शेतात माती बघायची तसा. हाताची बोटं मातीने भरलेली होती.

"नाना," ती म्हणाली, "तेव्हा मी कुनाला विचारलं व्हतं का?"

"नाही."

"कुनी सांगितलं व्हतं का, लाव म्हनून?"

"नाही."

"मग आता तू सांगनार, आन् मी लावनार." ती हसली. त्या हसण्यात टोमणाही नव्हता आणि मायेचा देखावाही नव्हता. "तुह्या चुलतीनं पुसलं ते बी सांगून पुसलं व्हतं. बस म्हनली, बसले. आता तू उठ म्हनतोस."

मी नुसता तिथे उभा राहिलो, हात मागे बांधून, शाळेत उभं करतात तसा.

"तो करंडा जागेवर ठेवून ये," ती म्हणाली. "माह्या मनात आलं तर लावीन. नाय आलं तर नाय लावनार. तू वाट बघू नको."

मी करंडा देवघरात नेऊन ठेवला. परत आलो तेव्हा आई वाफ्याकडे निघून गेली होती. दगडावर तिच्या बोटांची माती लागली होती. मी ओल्या कापडाने ती पुसली नाही, ती आपोआप वाळून झडली.

आज रविवार. मी शेडमध्ये जाऊन आलो, दगड न घेता. मॅडम म्हणाल्या, "साहेब, सगळ्यांचे मोर पेन्सिलने आखून झाले. तुमचा दगड कुठाय?"

"घरी आहे."

"मुहूर्त बघताय की काय?"

"नाही," मी म्हणालो. "अजून नवाच आहे तो."

त्यांनी मला फरशीचा एक जुना तुकडा दिला आणि म्हणाल्या, तोवर यावर पिसं काढा. मी दुपारपर्यंत पिसं काढत बसलो. घरी आलो तेव्हा संध्या पुढच्या रविवारच्या हळदीकुंकवासाठी वाट्या धूत होती आणि आई त्या पुसून परातीत मांडत होती. दगड पाटावर जसाच्या तसा होता. मी त्याच्याकडे पाहिलं हे आईने पाहिलं. मी हातपाय धुतले, एक कोरडं फडकं घेतलं आणि तिच्याशेजारी बसून वाट्या पुसायला लागलो.